अणू की परमाणु? दहावीच्या रसायनशास्त्राची उजळणी

मागच्या भागात आपण भूमितीच्या प्रमेयांबद्दल बोललो. त्यानंतर हैदराबाद, वडोदरा, बेळगाव, इंदूर अशा ठिकाणांहून पालकांनी एकच विचारलं, की रसायनशास्त्राचं काय करायचं? मुलं वाचतात, पाठ करतात, आणि पेपरात कोरी पानं सोडून येतात. आज त्यावर बोलू. वही-पेन जवळ ठेवा. मध्ये मध्ये मी थांबायला सांगेन, तेव्हा खरंच थांबा आणि लिहा.

मी कुणी शिक्षक नाही. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग २८ वर्षं सैन्यात काढली, आणि निवृत्तीनंतर ग्वाल्हेरला स्थायिक झालो. आमच्या भागाचं नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ इथे पडला आणि त्याचंच शहर झालं. तेव्हा लष्करी माणूस लष्करात राहतो, हा विनोद माझ्या शेजाऱ्यांनी पुरेसा करून झाला आहे.

इथल्या सराफ्यात आपले काही गलाईवाले आहेत. तुमच्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर राहतात त्यांना हे सांगायला नको. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सराफ बाजार म्हटला की एखाद्या बोळात मूस, भट्टी आणि सांगलीकडची बोली सापडतेच. त्यातलेच एक गृहस्थ गेल्या ऑक्टोबरात आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा दहावीत, हिंदी माध्यम, एन.सी.ई.आर.टी.चं पुस्तक. सातवीपर्यंत गावी आजीजवळ मराठी शाळेत होता, मग वडिलांनी इकडे आणला.

"सायेब, पोरगं हुशार हाय, पण विज्ञानात मार खातंय. काय तरी बघा की. न्हाय जमलं तर भट्टीवर बसवतो, दुसरं काय करणार?"

मुलगा खाली बघत उभा होता. सहामाहीच्या पेपरात रसायनशास्त्राचे २५ गुण होते, त्यातले त्याला ६ मिळाले होते.

आता माझी चूक आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मी फौजी पद्धतीनं सुरुवात केली. रोज संध्याकाळी ७ वाजता हजर व्हायचं, धडा दोनदा वाचायचा आणि सगळी प्रश्नोत्तरं पाच-पाच वेळा लिहून काढायची. पोरानं तक्रार न करता दोन आठवडे लिहिलं. अक्षर सुरेख, वही भरलेली. मग मी २० गुणांची चाचणी घेतली. त्याला ४ मिळाले.

मी चिडलो. "तू लिहितोस तेव्हा डोकं कुठे असतं?" असं काहीतरी बोललो, त्याहून कडकही बोललो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच सराफ्यात गेलो. तो दुकानाच्या मागे वडिलांना हात लावत होता. मला बघून म्हणाला, "आजोबा, मला समजत नाही असं नाही. पण पुस्तक उघडलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि बंद केलं की काहीच राहत नाही."

त्यानं एका वाक्यात निदान केलं होतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचताना मेंदूला ओळख पटते आणि आपण समजतो की आलं. पेपरात ओळखायला काही समोर नसतं, तिथे आतून बाहेर काढावं लागतं. यावर २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोघांनी प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा, चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आपली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात आणि त्यांना वाटतं की सगळं येतंय, त्याचं कारण हे. पाच मिनिटांपुरतं ते खरंही असतं.

आणि मला हे माहीत असायला हवं होतं! रायफल खोलून जोडायला आम्ही पुस्तक पाच वेळा उतरवून शिकलो नव्हतो. डोळ्यांवर पट्टी बांधून खोलायची, जोडायची, चुकलं की पुन्हा. तेच मी या पोराला करू दिलं नव्हतं.

तर पहिलं काम. सहामाहीचा तपासलेला पेपर काढला आणि गेलेले १९ गुण कुठे गेले ते मोजलं. हे प्रत्येक पालकाला करता येतं, रसायनशास्त्र येत नसलं तरी. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: शब्द कळला नाही, समीकरण चुकलं, लिहिलंच नाही, किंवा प्रश्न नीट वाचला नाही. आमच्या हिशेबात समीकरणांत ५ गेले, ४ गुणांचं लिहिलंच नव्हतं, ३ प्रश्न न वाचल्यानं गेले. आणि ७ गुण निव्वळ शब्दांनी खाल्ले होते.

शब्दांबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण हा आपल्या मुलांचाच त्रास आहे आणि शाळेत तो कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न होता: ऑक्सिजनच्या एका 'अणु'मध्ये किती 'परमाणु' असतात? पोरानं लिहिलं, ऑक्सिजनच्या एका परमाणुत दोन अणु असतात. शून्य. मी विचारलं, असं का लिहिलंस? म्हणाला, अणू लहान असतो ना, गावी बाईंनी शिकवलेलं.

बाई बरोबर होत्या. मराठी पुस्तकात मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू, आणि अणू एकत्र येऊन बनतो तो रेणू. हिंदीत त्याच लहान कणाला परमाणु म्हणतात, आणि आपला जो रेणू, त्याला अणु. म्हणजे 'अणु' हा शब्द हद्द ओलांडली की एक पायरी वर चढतो. मराठीत आपण अणुबाँब म्हणतो आणि हिंदी बातम्यांत परमाणु बम, ते यामुळेच. गुजराती, कन्नड, तेलुगू पुस्तकांतही परमाणु लहान आणि अणु मोठा, अशीच मांडणी आहे. त्यामुळे हा खड्डा फक्त ग्वाल्हेरच्या नाही, बेळगावच्या आणि वडोदऱ्याच्या मुलांच्याही वाटेत आहे.

दुसरा शब्द याहून घातक. क्षार. मराठी पुस्तक सांगतं, आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया होऊन क्षार आणि पाणी मिळतं. म्हणजे क्षार हा शेवटी तयार होणारा पदार्थ, जसं आपलं मीठ. हिंदी पुस्तकात धड्याचं नावच 'अम्ल, क्षारक एवं लवण'. तिथे आम्लारी म्हणजे क्षारक, मराठीतला क्षार म्हणजे लवण, आणि 'क्षार' हा शब्द राखून ठेवलाय पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकासाठी, ज्याला आपण अल्क म्हणतो. आता विचार करा, पोरानं उदासिनीकरणाच्या उत्तरात लिहिलं की अम्ल आणि क्षारक मिळून क्षार आणि पानी बनतं. त्याच्या डोक्यात ते पूर्ण बरोबर होतं. तपासणाऱ्याच्या दृष्टीनं त्यानं लिहिलं की आम्ल आणि आम्लारी मिळून पुन्हा आम्लारीच बनते. तेलुगूतही आम्लारीला क्षारम् म्हणतात. गुजरातीत मात्र क्षार म्हणजे मराठीसारखाच शेवटचा पदार्थ. कन्नडमध्ये आम्लारीला प्रत्याम्ल आणि क्षाराला लवण, तिथे गोंधळाला जागा कमी.

बाकीचे शब्द इतके फसवे नाहीत, फक्त अनोळखी आहेत. मूलद्रव्य म्हणजे हिंदीत तत्व, संयुग म्हणजे यौगिक, संयुजा म्हणजे संयोजकता, द्रावण म्हणजे विलयन, दर्शक म्हणजे सूचक. ऑक्सिडीकरण आणि क्षपण ही जोडी हिंदीत उपचयन आणि अपचयन होते, आणि उप-अपचा घोळ तर हिंदीभाषक मुलंही घालतात. आम्ही त्यावर एक खूण केली. अपचयन म्हणजे ऑक्सिजनचं अपहरण. काळ्या कॉपर ऑक्साइडवरून तापवून हायड्रोजन सोडला की तो ऑक्सिजन पळवतो, तांबं मोकळं होतं, पाणी तयार होतं. ज्याचा ऑक्सिजन पळवला त्याचं अपचयन, ज्याला तो मिळाला त्याचं उपचयन. पोरगं हसलं आणि त्यानंतर ते चुकलं नाही.

तर उजळणीची पहिली वही ही शब्दांची. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे शाळेचा. इंग्रजी माध्यम असेल तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला तरी चालेल. एका पानावर दहा शब्द, उजवी बाजू हातानं झाकायची आणि बोलायचं. आईला शिकवता येत नसलं तरी हे विचारता येतं. आमच्याकडे हे काम त्याच्या वडिलांनी घेतलं, भट्टी पेटेपर्यंतच्या वेळात.

आता थांबा. व्हिडिओ बघत असाल तर बंद करा, वाचत असाल तर पान झाका, आणि वरचे जितके शब्द आठवतात तितके जोडीनं लिहा.

झालं? किती आठवले ते महत्त्वाचं नाही, जे आठवले नाहीत ते आता पुन्हा बघा. आमची रोजची उजळणी याच पद्धतीनं चालली. कोरा कागद घ्यायचा, वर धड्याचं नाव, दहा मिनिटं आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून लाल पेनानं राहिलेलं भरायचं. लाल रंगात जे आहे तेवढाच अभ्यास शिल्लक. तोच धडा पुन्हा तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, मग पंधराव्या. माणूस किती वेगानं विसरतो हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली छापलं होतं. थोडं विसरायला लागल्यावर पुन्हा आठवलं, की ते जास्त पक्कं बसतं. दिवसाला ४० मिनिटं पुरतात. जास्त वेळ बसवू नका, पोरं बसतात पण डोकं उठून गेलेलं असतं.

समीकरणांकडे येतो. समतोल साधणं याची मुलांना उगाच भीती असते. आमच्याकडे संध्याकाळची हजेरी असायची. सकाळी गेटमधून ३० जवान बाहेर गेले तर संध्याकाळी ३०च परत यायला हवेत. कुणी दुसऱ्या तुकडीत जेवायला बसला असेल, पण हिशेबात हवा. बाणाच्या डावीकडचे अणू आणि उजवीकडचे अणू, मूलद्रव्यागणिक तीच हजेरी. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम पक्का केला, त्याचाच हा वहीतला अवतार.

एक करून बघू. तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की लोखंडाचं ऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो. ऑक्साइडमध्ये लोखंडाचे ३ अणू आणि ऑक्सिजनचे ४. सगळ्यांत मोठ्या संयुगापासून सुरुवात करा. उजवीकडे ऑक्सिजन ४, डावीकडे पाण्याच्या एका रेणूत १, म्हणून पाण्यापुढे ४. आता डावीकडे हायड्रोजनचे ८ झाले, उजवीकडे एका रेणूत २, म्हणून हायड्रोजनपुढेही ४. शेवटी लोखंड, उजवीकडे ३, म्हणून डावीकडे ३. झाली हजेरी पुरी. एकटं मूलद्रव्य नेहमी शेवटी घ्यायचं, ते दुसऱ्या कुणाला बिघडवत नाही.

आमचा पोरगा काय करायचा? ऑक्सिजन कमी पडला की पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली २ लिहायचा. हजेरी जमते, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, ते वेगळंच रसायन. हजेरी भरायला जवानाचं डोकं बदललं! आकडा फक्त सूत्राच्या पुढे लिहायचा, आतला खालचा आकडा हात लावायचा नाही. तसंच कंसाचं. कॅल्शियमची संयुजा २, हायड्रॉक्साइडची १, म्हणून एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्साइड लागतात. हायड्रॉक्साइड ही ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडगोळी आहे, तिला कंसात घालून बाहेर २ लिहायचा. कंस विसरला तर दोन हायड्रोजन होतात आणि ऑक्सिजन एकच राहतो. या एका कंसानं सहामाहीत त्याचा एक गुण गेला होता.

रोज तीन समीकरणं, वेगवेगळ्या धड्यांतली, मिसळून. एकाच प्रकारची वीस सोडवली की हात चालतो आणि डोकं झोपतं.

आता धातूंचा धडा. मी क्रियाशीलतेची श्रेणी समजावत होतो. पुस्तकातला नेहमीचा प्रयोग: मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की निळा रंग फिका होतो आणि खिळ्यावर तांबूस थर बसतो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला द्रावणातून बाहेर काढून स्वतः आत बसतं. त्याच धर्तीचं दुसरं उदाहरण, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तांबं. मी समीकरण लिहीत होतो आणि पोरानं पेन खाली ठेवलं.

"आजोबा, हे तर आमच्या दुकानात रोज होतं."

मग तो बोलत सुटला, मी ऐकत राहिलो. तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, चांदी विरघळवतात. सोनं विरघळत नाही, ते तळाशी राहतं. त्यासाठी आधी सोन्यात पुरेशी चांदी मिसळून वितळवतात, नाहीतर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग चांदीच्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. चांदी राखाडी चिखलासारखी खाली बसते आणि पाणी निळं होत जातं. त्या निळ्या पाण्यात लोखंड टाकलं की तांबंही खाली येतं. हे सगळं तो लहानपणापासून बघत होता. पुस्तकातल्या विस्थापन अभिक्रियेशी त्याचा संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या वडिलांना चांदी, तांबं, लोखंड ही श्रेणी हाताला पाठ होती आणि मुलगा त्याच श्रेणीच्या प्रश्नात शून्य घेऊन आला होता.

त्या दिवसापासून उजळणी उलटी फिरली. मी विचारायचं, दुकानात काय दिसतं? त्यानं सांगायचं, आणि मग पुस्तकात ते कुठे आहे ते शोधायचं. सोनं कशातच विरघळत नाही का? विरघळतं, आम्लराजात. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे ३ भाग आणि तीव्र नायट्रिक आम्लाचा १ भाग, ताजं मिश्रण. हे प्रमाण पेपरात विचारतात, आणि ते त्याला आधीच माहीत होतं. चांदीचे दागिने काळे का पडतात? हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. आम्लात पाणी ओतायचं की पाण्यात आम्ल? वडिलांचा नियम: तेजाब पाण्यात, थोडं थोडं, ढवळत. कारण पुस्तकात: मिसळताना खूप उष्णता बाहेर पडते, आम्लात पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं.

इथे एक सूचना. हे ऐकून कुणी घरी आम्लाचे प्रयोग करायला जाऊ नका. घरी हळद पुरते. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, पाण्यानं भरपूर धुतला की पुन्हा पिवळा. आम्लात हळद पिवळीच राहते, हेही पेपरात फसवायला विचारतात. चुन्याची निवळीही घरी करता येते. तिच्यात नळीनं फुंकलं की ती दुधाळ होते, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं कॅल्शियम कार्बोनेट बनतं. वायू जास्त वेळ जात राहिला तर ती पुन्हा निवळते, कारण विरघळणारं कॅल्शियम हायड्रोजनकार्बोनेट तयार होतं. फुंकताना निवळी तोंडात ओढायची नाही, लहान भावंडांना तर करूच देऊ नका.

पांढऱ्या पुडींचा जो घोळ असतो, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, विरंजक चूर्ण, प्लास्टर ऑफ पॅरिस, त्यात शेवटची सोडून बाकीच्या वापरावरून पाठ होतात. प्लास्टरच्या सूत्रात पाण्याचा अर्धा रेणू लिहितात, आणि मुलं विचारतात की रेणू अर्धा कसा? अर्धा नसतोच. कॅल्शियम सल्फेटच्या दोन एककांमध्ये मिळून पाण्याचा एक रेणू असतो, म्हणून एकाच्या वाट्याला अर्धा लिहितात. पाणी मिसळलं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं, एका एककाला दोन रेणू, आणि ते घट्ट होतं. घट्ट होताना गरम लागतं. माझा पाय एकदा मोडला होता, तेव्हा प्लास्टर चढवल्यावर आतून ऊब आली आणि मी घाबरून डॉक्टरांना हाक मारली. रसायनशास्त्राचा पदवीधर! पोराला ही गोष्ट सूत्रापेक्षा जास्त आवडली, पण तिच्यामागून सूत्रही राहिलं.

डिसेंबरात एका संध्याकाळी त्यानं स्वतःहून विचारलं, "आजोबा, धातू आणि आम्ल मिळून हायड्रोजन निघतो ना? मग तेजाबातून तपकिरी धूर का निघतो? हायड्रोजनला तर रंग नसतो."

असा प्रश्न मला बी.एस्सी.लाही सुचला नव्हता. उत्तर त्याच्या पुस्तकात आहे, दोन ओळींत. नायट्रिक आम्ल जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे, ते तयार होणाऱ्या हायड्रोजनचं पाणी करून टाकतं आणि स्वतः नायट्रोजनच्या ऑक्साइडांत मोडतं. तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. फक्त मॅग्नेशियम आणि मँगनीज अगदी विरल नायट्रिक आम्लातून हायड्रोजन देतात. हा अपवाद विचारला जातो, तेव्हा लिहून ठेवा.

एवढ्यावर मला थांबता आलं असतं, पण तो वायू फुप्फुसांना इजा करतो हे मला माहीत होतं. कधी कधी त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी दम लागतो. त्याच्या वडिलांचा खोकला मी कितीदा ऐकला होता. मी पोराला सांगितलं. त्यानं घरी जाऊन सांगितलं. वडिलांचं उत्तर आलं, "वीस वर्सं काढली, काय झालं?" मी स्वतः गेलो तेव्हा माझ्याशी मान ठेवून बोलले, पण उत्तर तेच. पोरानं मग दुसरा मार्ग घेतला. शब्दांची वही विचारायला वडील बसायचे, त्या वहीत त्यानं एक नवीन पान केलं: तपकिरी धूर, सूत्र, कशापासून बनतो, काय करतो. वडिलांना रोज ते पान विचारावं लागायचं, आणि उत्तर ऐकावं लागायचं. जानेवारीत दुकानात मागच्या भिंतीला धूर ओढणारा पंखा आणि वर पत्र्याचं धुराडं बसलं. खर्च बराच आला म्हणून माझ्यावर थोडा राग आहे.

पेपराबद्दल चार गोष्टी. आधी मिळणारा वाचनाचा वेळ पूर्ण वापरा आणि त्या वेळात प्रश्नातली क्रियापदं मनात अधोरेखित करा: सांगा, कारण द्या, समीकरण लिहा, फरक सांगा. कारण विचारलं असताना व्याख्या लिहून आमचे तीन गुण गेले होते. समीकरण मागितलं नसलं तरी अभिक्रियेच्या उत्तरात ते लिहा, समतोल साधून. प्रश्न येत नसला तरी कोरा सोडू नका, निदान शब्दांत काय होतं ते लिहा. आणि शेवटची दहा मिनिटं फक्त हजेरी, सगळ्या समीकरणांची.

सराव परीक्षेत त्याला २५ पैकी १७ मिळाले. गेलेल्या ८ गुणांपैकी ६ कार्बनच्या धड्यातले आहेत, कारण तो धडा आम्ही शेवटी ठेवला आणि दुकानात कार्बनी रसायनं दिसत नाहीत. बोर्डाच्या पेपराला १९ दिवस आहेत. आज ७ वाजता तो येईल, कोरा कागद तयार आहे, वर लिहून ठेवलंय: कार्बन, संयुजा ४.

तुमच्या घरच्या भाषेत आणि शाळेच्या भाषेत असा फसवा शब्द असेल तर मला जरूर कळवा. बंगाली, ओडिया आणि तमिळ माध्यमातल्या मुलांचे शब्द मला हवे आहेत, पुढच्या भागात तीच यादी घेऊ.